एकशे चाळीस गोळ्या

परवा सून स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर कोपरापर्यंत. आता खाली सासूबाईंच्या गणवेशांच्या शिवणखान्यात असं कुणाचं झालं असतं तर दुसरी बाई मशीनवर बसली असती, काम थांबलं नसतं. पण सुनेचं काम निराळं. ती वर्तमानपत्रात दर आठवड्याला संगणकावरच्या खेळांबद्दल लिहायची, कुठला घ्यावा आणि कुठल्याच्या वाटेला जाऊ नये. लिहायला डावा हात चालला असता, खेळायला मात्र दोन्ही लागतात. आणि लेख आज संध्याकाळी सहाला द्यायचा होता.

सकाळी चहा घेऊन सासूबाई वर गेल्या, तर सून पडद्यासमोर सुतकी चेहरा करून बसलेली.

"आई, माझं सदर जाणार."

"का म्हणून जाईल? हात मोडलाय, डोकं नाही."

मग सुनेने सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात एका खेळाबद्दल तिने लिहिलं होतं की हा दोघांना मिळून खेळता येतो. येत नव्हता. खेळ बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात होतं, तेच तिने न तपासता उतरवलं. वाचकांनी सालटी काढली. संपादक म्हणाले, आणखी एक चूक झाली की सदर दुसऱ्याकडे. आजच्या खेळाचे तीन भाग होते. दोन तिने पडायच्या आधी खेळले होते, लेखही निम्मा लिहून झाला होता. तिसरा राहिला होता.

"म्हणजे तिसरा न बघताच लिहिणार होतीस?"

सुनेने प्लास्टरचा हात वर करून दाखवला.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आण ते इकडे."

"काय?"

"ते हातात धरायचं. कंट्रोलर का काय ते. पस्तीस वर्षं पायाने मशीन आणि हाताने कापड एकाच वेळी चालवलंय मी. दोन अंगठ्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

सून हसली, पण दिला. तिसरा भाग लावायला गेली तर सासूबाईंनी हात धरला. "पहिल्यापासून लाव."

"आई, वेळ नाही. मी खेळलेत ते दोन."

"तू खेळलीस, मी नाही. मधूनच कापडाला कात्री लावायची सवय नाही मला. किती वेळाचा आहे एकेक?"

"पाऊण तास."

"मग एवढा गळा कशाला काढतेस?"

खेळ सुरू झाला. एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना, त्यात पत्र्याचे पहारेकरी, आणि आपण आत शिरून मालकाची कागदपत्रं पळवायची. आपलं तोंड कुठे दिसत नाही. दिसतात फक्त दोन हात आणि बंदूक.

"हे हात माझे?" सासूबाईंनी नाक मुरडलं. "नखं बघ मेली."

पहिली दहा मिनिटं त्या भिंतीलाच धडका देत होत्या. छताकडे बघत चालत होत्या. सून तोंडावर उशी धरून हसत होती. पण हात कामाचे होते, लवकर सरावले. पहिला पहारेकरी समोर आला तेव्हा सून ओरडली, "मारा, आई! गोळी मारा!"

"किती गोळ्या आहेत?"

"बारा."

"मग एका टिनपाटावर कशाला घालवू?" कोपऱ्यात एक मोठा लोखंडी पाना पडला होता. सासूबाईंनी तो उचलला, दाराआड थांबल्या, पहारेकऱ्याची पावलं ऐकली आणि तो वळताच त्याच्या डोक्यात घातला. पत्रा वाजला तसा खालच्या मशीनवरच्या बाईने वरती ओरडून विचारलं, काय पडलं?

"काही नाही, तू बटणांची काजं कर!" सासूबाई ओरडल्या, आणि पुढे निघाल्या.

सगळा पहिला भाग त्यांनी तसाच काढला. एकही गोळी झाडली नाही. जिथे डबा दिसेल तिथून गोळ्या उचलायच्या, पिंप दिसलं की मागे वाकून बघायचं, फळीखाली बघायचं. दोनदा मेल्या, तिसऱ्यांदा नाही. भाग संपला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता एकशे चाळीस.

"आहे बाई खेळात दम," त्या म्हणाल्या. "पावलं ऐकू येतात, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही. मेले तर माझ्या चुकीने मेले. आणि बंदूक हातात जड वाटते, खेळण्यातली नाही. लिही."

"लिहिलंय मी हे. पण इतकं नेमकं नाही."

"पहारेकरी मात्र सगळे एकाच कागदावरून कापलेत. एकाला तरी मिशा द्यायच्या होत्या."

सुनेने डाव्या हाताने तेही टिपलं. दुसरा भाग सुरू झाला. सासूबाई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

"माझ्या गोळ्या कुठे गेल्या?"

कोपऱ्यात आकडा होता बारा.

"असं कसं होईल?" सून पुढे सरकली. "जपाल ते पुढच्या भागात सोबत येतं. तसंच आहे."

"कोण म्हणालं?"

सुनेचं तोंड उतरलं. माहितीपत्रकात होतं. तिच्या लेखातही होतं, तिसऱ्याच ओळीत, 'या छोट्याशा खेळाचं सगळ्यात मोठं बळ' म्हणून.

"पण मी खेळले तेव्हा..." ती आठवू लागली. "पहिल्या भागाच्या शेवटी माझ्याकडे दहा-बाराच उरतात. दिसेल त्याला गोळी मारते मी. दुसऱ्यात बारा दिसल्या, म्हटलं त्याच आल्या."

"उधळ्या हाताला चोरी कळायची नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि पान्याचा शोध घेऊ लागल्या. पानाही गेला होता.

दुसरा भाग त्यांनी रागारागाने खेळला. मुद्दाम दहा गोळ्या राखल्या. तिसऱ्यात पुन्हा बाराच. म्हणजे खात्री झाली. तिसरा भाग मात्र त्यांना सगळ्यात आवडला. शेवटी कारखान्याचं मोठं दार उघडतं, बाहेरचा उजेड आत येतो, आणि खेळ संपतो.

"हे अर्धवट वाटतं ना?" सुनेने विचारलं. "आत्ता कुठे रंगात आला होता."

"अर्धवट कसलं! कागद घेतले, बाहेर पडले. आता काय तिथे बसून राहू?"

"मी तर लिहिणार की शेवट घाईचा आहे."

"लिही की. तुझं नाव आहे वर, माझं नाही. पण गोळ्यांचं पहिल्या ओळीत घाल."

मधलं जेवण आणि शिवणखान्यातल्या फेऱ्या धरून चार वाजले होते. सुनेने जुनी तिसरी ओळ खोडली आणि वर लिहिलं: या खेळात काही जपू नका, प्रत्येक भागाच्या दारात तुमची झडती होते. खाली खेळाचं कौतुकही मनापासून केलं. पाऊण तासाचा भाग, एक मिनिट फालतू नाही, वगैरे. पावणेसहाला लेख गेला.

सहाला फोन. सुनेने आवाज मोठा ठेवला, कारण एकुलता मोकळा हात टिपायला हवा होता.

"पहिली ओळ काढ," संपादक म्हणाले. "मी बनवणाऱ्यांना विचारलं. गोळ्या पुढे जातात म्हणतात. बाकीच्या तिन्ही पेपरांत तसंच आलंय. मागच्या खेपेचं विसरलीस का?"

एरवी सून 'हो सर, हो सर' करत ओळ काढून मोकळी झाली असती. आज तिने आधी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या.

"नाही सर," सून म्हणाली. "मागच्या खेपेला मी त्यांचं ऐकून लिहिलं होतं. या खेपेला बघून लिहिलंय. तुमच्याकडे खेळ आहे ना? पहिला भाग एकही गोळी न झाडता खेळा. पान्याने. डाव्या कोपऱ्यात पडलाय. मग दुसरा लावा."

"माझ्याकडे वेळ नाही गं."

"आठपर्यंत पान छपाईला जात नाही. पाऊण तास लागतो."

फोन ठेवून तिने लेख पुन्हा एकदा वरपासून वाचला. "आता गेलंच सदर," ती म्हणाली.

"गेलं तर ताठ मानेने गेलं," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ, तोंड धू."

सव्वासातला फोन वाजला.

"शहाण्णव होत्या माझ्याकडे," संपादकांचा आवाज अगदी पडलेला. "शहाण्णव जमवल्या होत्या, अगं. पिंपांच्या मागे शिरून शिरून."

"आणि दुसऱ्या भागात?"

"बारा." ते खाकरले. "ओळ राहू दे. वरच राहू दे, ठळक करतो. आणि पुढच्या आठवड्याला दोन खेळ पाठवतोय, हात बरा होईस्तोवर कसं जमवायचं ते तू बघ. पण मला सांग, तू तर दिसेल त्याला गोळी घालणारी. हे सापडलं कुणाला?"

"आमच्या आईंना. सासूबाईंना."

"त्यापण खेळांवर लिहितात?"

"नाही, त्या गणवेश शिवतात."

"शिवतात नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या, पलीकडे नीट पोचेल अशा बेताने. "शिवणखाना चालवतात, असं सांग."