झाडांसाठी नेमलेली बाई

"बस की गं खाली! पोरींची रेक्टर असशील, पण माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचं नाही," असं म्हणत खाइन्झाने स्टूल पुढे सरकवलं आणि शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजवलेला मलेवा वाढला. डोंगरातल्या बांबूचे ते वाळवलेले कोंब नांबोझोची आईही असेच करायची.

आज मात्र घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"ताई, चुली बंद होणार. गॅस येतोय."

"येऊ दे की. मला काय तोंड काळं करून घ्यायची हौस आहे?"

"सहा जणींचं काम दोघींत होईल म्हणतात."

खाइन्झाचा डाव पातेल्यातच थांबला. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," नांबोझो म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या म्बाले शहरातल्या या विद्यापीठात अलीकडे नोकरी देताना प्रत्येकाला विचारत, पर्यावरणासाठी तुम्ही काय केलंत? दोन वर्षांपूर्वी नांबोझो मुलाखतीला आली, तेव्हा तिच्या आधीच्या उमेदवारांनी शिबिरांची प्रमाणपत्रं मांडली होती. तिच्याकडे एकही नव्हतं. ती म्हणाली, "आमच्या वरच्या उतारावरची झाडं गावाने तोडली. आम्हीही तोडली. मग एका पावसात डोंगर खाली आला. आई, बाबा, धाकटा भाऊ, सगळे घरात होते. मी बाजारात होते. तेव्हापासून मी मोठं असं काही केलेलं नाही, साहेब. फक्त झाडावर कोयता उचललेला नाही."

नोकरी तिला मिळाली.

ती नेमली गेली झाडांसाठी, आणि कामही तिने तसंच केलं. वसतिगृहातले वाहते नळ बंद करी, रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवी. मुली पाठीमागे तिला 'दिवेमालवी' म्हणत आणि ती आली की गप्प होत. इतर कर्मचारी चहाला बोलावत नसत. हिच्यासमोर कागदाचा कप फेकायचीही चोरी! दुपारी तिच्याशी बोलणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे खाइन्झा.

पण स्वयंपाकघरामागे लाकडांचा ट्रक रिकामा होताना तिला बघवत नसे. ओंडक्यांची साल अजून ओली असायची. वार्षिक कामगिरीच्या बैठकीत कुलसचिव वामोनोंनी विचारलं, तेव्हा तिने चुलींचं सांगून टाकलं. बायकांचं काय होईल, हे तिच्या लक्षात आलं ते निर्णय झाल्यावर. ती पुन्हा त्यांच्याकडे धावली.

"निदान खाइन्झाताईंना तरी ठेवा, साहेब."

"बाई, विस्तव तुम्हीच विझवायला सांगितलात. आता हात शेकायला कुठून आणू?" वामोनो हसले. "तरण्या दोघी ठेवतोय."

हे सगळं तिने आता खाइन्झाला सांगितलं. काही लपवलं नाही.

"मला आधी विचारलं असतंस तर?" खाइन्झाने विचारलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते." मग तिने नांबोझोच्या ताटाकडे बोट दाखवलं. "संपव ते. अन्न टाकायचं नाही."

महिनाअखेरीस खाइन्झासकट चारही जणी गेल्या. ट्रक यायचा थांबला. वर्षाच्या शेवटी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून नांबोझोचं नाव पुकारलं गेलं. सभागृहात टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. ती जागेवर परतली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. फोटोची एक प्रत तिलाही मिळाली. ती कुणाला पाठवावी, हे तिला सुचेना.

एका शनिवारी ती टॅक्सीच्या थांब्यावर गेली. खाइन्झा तिथे कोळशाच्या शेगडीवर चपात्या भाजून विकते, असं तिने ऐकलं होतं. गिऱ्हाइकं बरीच होती. आपली पाळी येईपर्यंत ती रांगेत उभी राहिली.

"अंडं घालून की साधी?" खाइन्झाने मान वर न करता विचारलं. मग वर पाहिलं.

"साधी," नांबोझो म्हणाली. "ताई, कशी आहेस?"

"बघतेस ना. हात चालतायत." तिने चपाती उलटली. "जेवतेस का नीट?"

"जेवते."

"कुणाबरोबर?"

नांबोझो पर्समधले सुटे पैसे मोजू लागली. मागचा ड्रायव्हर ओरडला, "ए मावशी, आज मिळेल का उद्या?" खाइन्झाने चपाती कागदात गुंडाळून नांबोझोच्या हातात ठेवली. कडेला एक बाक होता, नांबोझो तिथे जाऊन बसली. तेवढ्यात वारा फिरला आणि शेगडीचा धूर सरळ तिच्या तोंडावर येऊ लागला.

खाइन्झाने हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. फडक्याने शेगडी धरली, उचलली आणि आपल्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली. आता धूर तिच्याच डोळ्यांत जात होता. डोळे बारीक करून ती पुढची चपाती लाटू लागली.