सरांची दुरुस्ती

"'you' मधली पहिली दोन अक्षरं खोडा, पप्पा. शेवटचं एकच ठेवा."

दादू सरवदे सरांनी दाढ उपटल्यासारखा चेहरा करून फोनवरची अक्षरं खोडली. मुलुंडच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. टोरांटोला गेलेल्या प्रबुद्धने घरच्या ग्रुपवर काही लिहिलं, की सर तेच वाक्य दुरुस्त करून खाली टाकत. पोराने बर्फ पडल्याचं लिहिलं तरी दुरुस्ती, ताप आल्याचं लिहिलं तरी दुरुस्ती. हळूहळू त्याचे मेसेज आटले. आता नुसता अंगठा यायचा.

"सगळं जग असंच लिहितं आता," त्यांची लेक सपना म्हणाली. "तुम्ही एकटे कुणाकुणाचे पेपर तपासणार?"

"इंग्रजी आपल्याला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं गं. कमावलंय आपण."

"आणि प्रबू?"

नोकरी गेल्याचं पोराने आईला सांगितलं होतं, बापाला नाही. ते सरांना फार लागलं होतं.

त्यांनी निम्मी अक्षरं गिळून, एकही पूर्णविराम न देता, मुलाला त्याच्याच इंग्रजीत लिहिलं. आठवण येते, काळजी करू नकोस, पैसे पाठवतो, अकाउंट नंबर दे. सपनाने शेवटी लाल बदाम टाकला आणि ती कामावर गेली. त्यांची बायको मीरा विहारात गेली होती. सर फोन मांडीवर घेऊन एकटेच बसले.

उत्तर आलं ते घरच्या ग्रुपवर. पप्पांचा फोन हॅक झालाय, असं पप्पा मेले तरी लिहिणार नाहीत, कुणी रिप्लाय देऊ नका. कांदिवलीच्या काकांनी तर लगेच नंबर ब्लॉक केल्याचं कळवलं.

सरांनी फोन लावला. प्रबुद्धने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात, असं त्याने ग्रुपवर टाकलं. सरांना रडू कोसळायचं बाकी होतं. आपण आपणच आहोत, हे पोटच्या पोराला पटवायचं तरी कसं?

दुसरं काही सुचेना. त्यांनी प्रबुद्धचाच मेसेज उचलला, त्यातल्या चुका एकेक करून सुधारल्या, पूर्णविराम दिला आणि ग्रुपवर टाकला.

लगेच उत्तर आलं. "हां, हे पप्पाच. तो फ्रॉडवाला मेसेज मी डिलीट केलाय."

सर बराच वेळ वाट बघत राहिले. पोरगं आणखी काही लिहील असं त्यांना वाटत होतं.

मग अंगठा आला.