कानाने लावलेलं टायमिंग

आताशा सगळीच इंजिनं मऊ बोलायला लागली होती. उस्तादांना याचं नवल वाटायचं, वाईट मात्र वाटत नव्हतं. चाळीस वर्षं कानाशी आदळआपट केली, आता उतारवयात जरा समज आली असेल बिचाऱ्यांना, असं ते मनाशी म्हणायचे. गॅरेजच्या पत्र्यावरून ऊन सरकायचं. हातातून पाना निसटला तरी तो लांब कुठेतरी गादीवर पडल्यासारखा पडायचा. समोरच्या झाडावरची पाखरं चोच उघडायची, मिटायची, आणि मध्ये काहीच व्हायचं नाही. अख्खी दुपार पाण्याखाली गेल्यासारखी हिरवट, संथ. उस्ताद त्यात सुखाने तरंगत होते. त्यांची लेक, जी आता गॅरेज चालवायची, काठावर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. बघायचं नव्हतं.

अशाच एका दुपारी टेलरबाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. आठ दिवसांत दुसऱ्यांदा.

"उस्ताद, ही परत वाजतेय. चढावर पाय दाबला की डब्यात सुके वाटाणे हलवावेत तसं. पाय उचलला की गप्प. शिवाय सुरू करताना असा झटका देते, की जणू मीच तिचं काही वाकडं केलंय."

"मागच्या वेळी मी स्वतः चालवून बघितली की. लोण्यासारखी होती."

"तुमच्या पायाखाली लोणी आणि माझ्या पायाखाली वाटाणे? हे बरंय!"

लेकीने हात पुसले. "बाबा, एक चक्कर मारून येऊ. बाई, तुम्हीही चला."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता चांगलाच चढाचा होता. लेक चालवायला, उस्ताद शेजारी, मागे टेलरबाई मांडीवर पिशवी घेऊन. चढाच्या मध्यावर लेकीने पाय दाबला.

"हे! हे बघा!" टेलरबाई पुढे वाकल्या. "ऐकलंत ना?"

उस्तादांना ऐकू आली ती खालची घरघर. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच गुणगुणावं तशी. त्यात वाटाणे नव्हते, डबाही नव्हता. काचेतून ऊन मांडीवर येत होतं आणि गाडी ढगातून चालल्यासारखी चालली होती.

"हो, हो," ते म्हणाले. "टॅपेट आहेत. व्हॉल्व्हवरचे, जरा सैल झालेत."

लेकीने गाडी कडेला घेतली. त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "टॅपेट उभ्या गाडीतही वाजतात, बाबा. हे तुम्हीच शिकवलंत मला."

उस्ताद काचेतून समोरच्या चढाकडे बघत राहिले.

"डॉक्टरांची गाडी अशीच वाजतेय. बेकरीवाल्यांचीही. तिन्हींचं टायमिंग तुम्ही लावलंय." तिचा आवाज चढला नव्हता, फक्त तोंड त्यांच्याकडे वळलं होतं. शब्द नीट पोचावेत म्हणून हल्ली ती असंच बोलायची, हे उस्तादांच्या आत्ता लक्षात आलं.

टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडायची त्याची वेळ. उस्ताद ती यंत्राने बघत नसत. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, तो केसभर पुढे फिरवायचा, चढावर पळवून बघायची. पुन्हा केसभर, पुन्हा चढ. वाटाणे वाजले की समजायचं, ठिणगी फार लवकर पडतेय. मग जरासं मागे घ्यायचं आणि बोल्ट आवळायचा. गावभर त्यांचं नाव होतं ते या कानावर. फक्त आता वाटाणे वाजतच नव्हते, म्हणून उस्ताद पुढे, अजून पुढे फिरवत राहिले होते. शांत इंजिन बघून मनात खूशही होत राहिले होते.

टॅपेटवर अडून बसणं सोपं होतं. बाई अडाणी ठरल्या असत्या, लेक गप्प बसली असती आणि उस्ताद उस्तादच राहिले असते. चार-दोन महिन्यांत पिस्टनला भोक पडलं असतं, तेही असंच कुठल्या तरी चढावर, बाई एकट्या असताना.

उस्तादांनी मांडीवरच्या उन्हाकडे बघितलं. "टॅपेट नाहीत," ते म्हणाले. "टायमिंग मी चुकवलंय. तो आवाज मला ऐकू येत नाही. कधीपासून, तेही माहीत नाही."

गाडीत क्षणभर सगळेच गप्प झाले. ही शांतता मात्र त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आली.

"अहो, मग तोंड शिवलं होतं का तुमचं?" टेलरबाई म्हणाल्या. "मला तीन वर्षं झाली, सुईत दोरा ओवता येत नाही. सून ओवून देते, मी शिवते. गिऱ्हाइकाला ब्लाउज बसल्याशी मतलब!"

लेक हसली. हसता हसताच तिने डोळ्यांना बाही लावली आणि बॉनेट उघडलं.

मग भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, तिघांचं काम सुरू झालं. उस्तादांनी बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर मागे घेतला. हातांना सगळं ठाऊक होतं, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चढ.

"आहे अजून," लेक म्हणाली.

परत खाली, परत केसभर मागे. चढ.

"आता पुसट. मोजून चार वाटाणे."

"तीन!" मागून टेलरबाई.

तिसऱ्या खेपेला उस्ताद समोर बघतच नव्हते. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या भुवईत बारीक आठी होती. लहानपणी झोपेत पडायची तशी. गाडी चढाला लागली, झाडं मागे सरकू लागली, ऊन-सावली तिच्या गालावरून वाहत गेली. अर्ध्या चढावर ती आठी सुटली, आणि वरच्या टाकीपर्यंत परत आली नाही.

"गेला?"

तिने मान हलवली. मग त्यांच्याकडे वळून नीट म्हणाली, "गेला, बाबा."

बोल्ट आवळताना त्यांना जरा जास्तच वेळ लागला. परत बसल्यावर म्हणाले, "उद्या डॉक्टरांना बोलाव, परवा बेकरीवाल्यांना. कारण मीच सांगेन. ते काय म्हणाले ते तेवढं तू मला सांगायचं."

"बेकरीवाल्यांचं ओरडणं तुम्हाला सरळच ऐकू येईल."

"ते तर येईलच," उस्ताद म्हणाले. "चल."

तिने गाडी उताराला लावली.