बर्फवाल्यांची बोट

“एकच फळी बदलायची आहे, असं म्हणाला होतात ना?” मेहुण्याने विचारलं.

बर्फवाले वाकून बोटीखाली बघत होते. सुतार बोटीच्या पोटाखाली उकिडवा बसला होता. त्याने हातातला टोच्या एका फळीत दाबला. ओल्या साबणात जावा तसा तो आत गेला. शेजारच्या फळीतही गेला. तिसऱ्या फळीशी मात्र अडला, आणि परीक्षेत पास झाल्यासारखा बर्फवाल्यांचा चेहरा खुलला.

“बघ, ही कशी ठणठणीत आहे!”

“भाऊजी, आधीच्या दोन सडल्यात, त्या दिसत नाहीत का तुम्हाला?”

“दिसतायत की. पण तिसरी चांगली निघाली ना.”

मेहुण्याने कपाळाला हात लावला. तो गोदामात भांडारपाल होता. कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली मोडीत काढायची, हे ठरवण्यात त्याची उभी नोकरी गेली होती, आणि या बोटीबद्दल त्याचा निर्णय तिला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी झाला होता. “ही बोट नाही, भाऊजी, नुसतं तोंड आहे. उघडं तोंड. घालाल तेवढं गिळेल,” असं तो तेव्हाही म्हणाला होता. बर्फवाले तेव्हाही हसले होते.

त्यांना बर्फवाले म्हणत, कारण सगळी नोकरी त्यांनी धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढली होती. लाद्या यंत्रातून काढायच्या, फोडायच्या आणि निघालेल्या बोटींच्या खणात ओतायच्या. बोटी निघून गेल्या की बधिर झालेले हात काखेत धरून ते धक्क्याच्या टोकाला उभे राहायचे. आपण भरून दिलेला बर्फ कुठे कुठे जाऊन येतो याचं त्यांना फार अप्रूप होतं. स्वतः मात्र ते कधी समुद्रावर गेले नाहीत. त्यांना बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर अर्धा तास बसले तरी तोंड पांढरं पडायचं.

असा माणूस निवृत्त झाला आणि फंडाच्या पैशांतून त्याने धक्क्यावरची सगळ्यांत मोठी जुनी बोट विकत घेतली. आधीच्या मालकाने नव्या बोटी बांधल्या होत्या, त्याला ही नकोशी झाली होती. एवढी लांबरुंद बोट एवढी स्वस्त का, हे बर्फवाल्यांनी विचारलं नाही. बोटच सांगू लागली. धक्क्यावरच्या जागेचं भाडं लांबीवर होतं. रंग दुसऱ्या बोटींना लागतो त्याच्या दुप्पट. इंजिन चालू न करता नुसतं तापवायलाच इतकं डिझेल लागायचं की पंपावरचा माणूस लांबूनच हात जोडायचा. माणसंही जास्त लागायची. पहिल्याच वर्षी गिअरबॉक्स गेला, दुसऱ्या वर्षी पाण्यातला पंखा. शिवाय बर्फ! ज्या कारखान्यात आयुष्य काढलं तिथूनच आता पूर्ण भावाने विकत घ्यायचा. जुना सहकारी मोजून झाल्यावर एक लादी वर टाकायचा, तेवढीच काय ती सवलत.

मासळी मिळत नव्हती असं नाही. मिळायची, चांगली मिळायची. पण बोट जे आणायची ते बोटच खायची, आणि ताटाच्या कडेला उरावं तेवढं घरी यायचं. त्यावर दोघांचं भागत होतं.

“तू तरी सांग त्यांना,” मेहुणा बहिणीला म्हणायचा.

“काय सांगू? घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बोटीने यांचे पैसे खाल्लेले परवडले,” ती म्हणायची. “सकाळी दाढी करताना गुणगुणतात आता. नोकरीत असताना कधी तोंडातून सूर निघाला नव्हता.”

ती जाळं विणणारी होती. लग्नाआधीपासून धक्क्याजवळच्या शेडमध्ये बसून ती लोकांची जाळी दुरुस्त करायची. बोटीच्या फळ्या बदलायचं काम निघालं तेव्हा बोटीबरोबर मिळालेलं जाळंही शेवटच्या घटका मोजत होतं. नवं घ्यायचं तर दोन खोल्या बांधायला घेऊन ठेवलेली जागा विकावी लागणार होती.

“विकू या,” बायकोच म्हणाली. “दोन खोल्यांत झाडू कोण मारणार? मात्र एक सांगते. तयार जाळं आणायचं नाही. दोरा आणा. मी विणीन.”

बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर होती तितके दिवस ती शेडमध्ये बसून विणत होती. बोट पाण्यात उतरली त्या दिवशी जाळंही तयार झालं. हिरवंगार, एकाच रंगाचं, कुठेही ठिगळ नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा माणूस, अनुभवी आणि फटकळ होता. त्याने जाळं हातात घेऊन दोन-तीन ठिकाणी ओढून पाहिलं आणि म्हणाला, “काकू, हे बोटीपेक्षा जास्त टिकेल.”

“बोटीला ऐकू जाईल, हळू बोल,” बर्फवाले म्हणाले.

त्या जाळ्याने पहिल्या काही फेऱ्यांत इतकी मासळी आणली की मेहुणासुद्धा गप्प झाला. तो एकदा संध्याकाळी येऊन जरा वेळ धक्क्यावर उभा राहिला आणि “रंग बरा दिसतोय हं,” एवढं म्हणून गेला.

मग ती दुपार आली.

बोट समुद्रावर असली की बर्फवाले जेवण झाल्यावर मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जाऊन वायरलेसजवळ बसायचे. काम काही नसायचं. तांडेलाचा आवाज ऐकू आला की त्यांना बरं वाटायचं. त्या दिवशी वारा सकाळपासूनच वाढला होता. वायरलेसवर एका बोटीची हाक आली. तिचं इंजिन बंद पडलं होतं आणि वारा तिला खडकांच्या रांगेकडे ढकलत होता. नांगर टाकला होता, पण तो धरत नव्हता.

वायरलेसवाल्याने जवळपास कोण आहे ते विचारलं. दोन लहान बोटींनी उत्तर दिलं, पण अशा वाऱ्यात दुसरी बोट ओढून आणायची ताकद त्यांच्यात नव्हती. मग बर्फवाल्यांच्या तांडेलाचा आवाज आला.

“आम्हाला दिसतेय ती. आमचं इंजिन ओढेल तिला. काका आहेत का तिथे?”

बर्फवाले उठून यंत्रापाशी गेले. “आहे. बोल.”

“काका, जाळं पाण्यात आहे. वर घ्यायला गेलो तर ओढायचं विंच अडकलंय. गिअरमध्ये काहीतरी तुटलंय. हाताने ओढायचं म्हटलं तर ती बोट खडकावर जाईल तोवर.”

“मग?”

तांडेलाच्या मागे वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज येत होता. “जाळं मागे असताना मला जोरात जाता येणार नाही. दोर तोडावे लागतील, काका. तुमचं जाळं आहे, म्हणून विचारतोय.”

वायरलेसवाला बर्फवाल्यांकडे बघत होता. खोलीतले आणखी दोघं-तिघं खिडकीतून बाहेर बघू लागले.

“त्या बोटीवर माणसं किती आहेत?” बर्फवाल्यांनी विचारलं.

“सात.”

“मग विचारतोस काय? तोड!”

हे बोलून त्यांनी हातातला माईक टेबलावर ठेवला. वायरलेसवाल्याने आपली खुर्ची त्यांच्याखाली सरकवली. पुढचं सगळं त्यांनी बसून ऐकलं. तांडेलाने जागा सापडावी म्हणून दोरांना एक रिकामा पिंप बांधला आणि कुऱ्हाडीने दोर तोडले. पहिल्यांदा फेकलेली दोरी हुकली. दुसऱ्यांदा पकडली गेली. जुन्या इंजिनाने काळा धूर सोडत ती बोट खडकांपासून अलगद बाहेर काढली. इतकं डिझेल पिणारं ते इंजिन, पण त्या दिवशी ते एकदाही अडखळलं नाही.

दोन्ही बोटी एकामागे एक धक्क्याकडे येत आहेत असं कळल्यावर बर्फवाले घरी निघाले. बायकोला सांगायचं होतं. वाटेत त्यांनी तीन-चार प्रकारे वाक्य जुळवून पाहिलं.

ती ओट्याशी कांदा चिरत होती.

“आज वारा फार आहे,” त्यांनी सुरुवात केली.

“हो.”

“आपल्या तांडेलाने आज मोठं काम केलं.”

“हो.”

“ते काय झालं, विंच...”

“जाळं गेलं ना?” ती म्हणाली. “मला कळलंय. सगळ्या धक्क्याला कळलंय. तुम्हीच पायी पायी आलात.”

बर्फवाले स्टुलावर बसले. ती चिरत राहिली. कांद्यामुळे किंवा कशामुळे, तिने मनगटाने डोळे पुसले.

“मी तोड म्हणालो,” ते म्हणाले. “तुला विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता.”

“विचारलं असतंत तर मी काय ‘राहू दे, बुडू दे त्यांना’ म्हणणार होते का?” तिने सुरी खाली ठेवली. चिरलेला कांदा ताटलीत गोळा केला. मग म्हणाली, “त्या जाळ्यात एका कोपऱ्यात दोन-चार गाठी सैल राहिल्या होत्या. तुम्हाला सांगितलं नव्हतं. मनाला टोचत होतं सारखं. बरं झालं गेलं ते.”

बर्फवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. अशी सैल गाठ मारणारी ती नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उठून तिला पाणी भरून दिलं.

वारा पडल्यावर तांडेल जाळं शोधायला गेला. पिंप वाहून गेला होता. विमा बोटीचा होता, जाळ्याचा नव्हता. त्यातून आपल्याच हाताने तोडलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार? ज्यांची बोट वाचली होती त्यांच्यापाशी इंजिन दुरुस्तीपुरतेही पैसे नव्हते. त्यांचा तांडेल एका दुपारी हातगाडीवर आपलं जुनं जाळं घालून शेडपाशी आला.

“देण्यासारखं एवढंच आहे, काकू,” तो खाली बघत म्हणाला. “ठिकठिकाणी फाटलंय. पण मधला भाग चांगला आहे.”

तिने ते अंथरून पाहिलं. “निम्मं चालेल,” ती म्हणाली. “चहा घेणार?”

त्यानंतर लोक येऊ लागले. कुणी निळा तुकडा आणला, कुणी पांढरट, कुणी जुन्या साठ्यातला हिरवा. फाटकंतुटकं तिने तोंडावर परत केलं. “हे जाळं आहे का चाळण?” असं एका बोटमालकाला ऐकवलं, तेव्हा तो निमूटपणे घरी जाऊन चांगला तुकडा घेऊन आला.

पण सगळं एकटीने जोडायचं म्हणजे वर्ष लागलं असतं. बर्फवाले तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसले.

“मला शिकव.”

“तुम्हाला? फोडाफोडी करण्यात हयात गेली तुमची.”

“म्हणून तर. आता जोडून बघतो.”

त्यांचे पहिले काही दिवस गाठी मारण्यात आणि तिचे त्या सोडवण्यात गेले. त्यांची जाड बोटं सुईभोवती वळत नसत. नायलॉनच्या दोऱ्याने कातडी कापली जायची. हळूहळू तिने सोडवायच्या गाठी कमी झाल्या. मग एक दिवस तिने त्यांची ओळ तपासली आणि एकही गाठ न सोडवता पुढे सरकली.

अशात एकदा मेहुणा एका गृहस्थाला घेऊन शेडमध्ये आला. गृहस्थ जुनी इंजिनं विकत घेणारे होते. त्यांनी बोट पाहिली होती.

“भाऊजी, इंजिनाचे हे चांगले पैसे देतायत,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची टोचणी नव्हती. “बाकीची बोट मोडीत काढता येईल. तुमची ती जागासुद्धा परत घेता येईल कदाचित. मी काही वाईट सांगत नाही.”

“अरे, मला माहीत आहे तू वाईट सांगत नाहीस ते,” बर्फवाले म्हणाले. दोरा दातात धरून त्यांनी हातातली गाठ आवळली आणि मग त्या गृहस्थांकडे वळले. “पण इंजिन तुम्ही नेलंत, तर हे एवढं जाळं ओढणार कोण?”

गृहस्थांनी शेडभर पसरलेल्या त्या हिरव्या-निळ्या-पांढऱ्या पसाऱ्याकडे बघितलं. “हे पाण्यात टिकेल?”

“ते हिला विचारा.”

“टिकेल,” बायको मान वर न करता म्हणाली. “यांनी विणलेला भाग सोडून.”

मेहुणा आधी हसला. मग त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाळ्याचं एक टोक ताणून धरायला बसला. गृहस्थ थोडा वेळ थांबून निघून गेले.

जाळं तयार झालं. विंचही दुरुस्त झालं, त्यासाठी बायकोच्या बांगड्या गेल्या, आणि त्या गेल्याचं तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोट निघायची ती सकाळ लख्ख उजाडली होती. तांडेल आणि खलाशी आधीच धक्क्यावर पोचले होते.

बर्फवाले धुतलेला सदरा घालून खिडकीपाशी उभे होते. बोटं सुजली होती, चिरांवर खपल्या धरल्या होत्या. बटण काजात जात नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला.

“थांबा,” बायको म्हणाली आणि समोर येऊन बटणं लावू लागली.

तिच्या बोटांवरही तशाच रेघा होत्या, कितीतरी जुन्या, एकावर एक. इतकी वर्षं ती याच हातांनी समोर वावरत होती. बर्फवाले त्या रेघांकडे बघत राहिले.

धक्क्याकडून इंजिनाचा आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग भरदार.

“गेली वाटतं,” ते म्हणाले.

“गेली काय म्हणता? निघाली म्हणा.”

“निघाली,” बर्फवाले म्हणाले आणि त्यांनी मान वर केली. वरचं बटण अजून राहिलं होतं.