यादीबाहेरची बाई

मित्रांनो, मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. माझी वायर कधीच कापली गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर मी धूळ खात पडलो आहे. पण त्याची तक्रार नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

कारखान्यातून मी थेट एका रुग्णालयात आलो. हृदयविकारावर संशोधन चालणाऱ्या खोलीत, सिस्टरांच्या टेबलावर मला जागा मिळाली. त्या अभ्यासात चाळिशी उलटलेले पाचशे पुरुष होते. दर तीन महिन्यांनी सिस्टर एकेकाच्या घरी फोन लावत. माझा आवाज खणखणीत होता. "काय स्वच्छ ऐकू येतं!" असं मोठे डॉक्टर म्हणाले, की मी फुगून जाई.

गंमत अशी, की फोन बहुतेक वेळा घरातल्या बायकाच उचलत. त्यांतल्या एक म्हणजे एका शाळामास्तरांच्या पत्नी. सिस्टर त्यांना मास्तरीणबाई म्हणत.

"ते दिवसाला दोन सिगारेटी सांगतील," मास्तरीणबाई म्हणत. "पण शर्ट मी धुते ना! खिशातला चुरा मला दिसतो. तुम्ही सहा लिहा."

सिस्टर हसत आणि सहा लिहीत.

एकदा फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सिस्टर, माझं एक विचारू? जिना चढले की धाप लागते. जबड्यापासून पाठीपर्यंत ओढ बसते. मळमळतंही."

"दगदग होत असेल हो. जरा आराम करा," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमचं नाव यादीत नाही, मी लिहू तरी कुठे?"

"तेही खरंच," म्हणत त्या हसल्या. हसतानाही त्यांना धाप लागली होती. ती मी अगदी स्पष्ट पोहोचवली. सिस्टरांनी पुढचा नंबर फिरवला आणि मीही तो मुकाट्याने लावला.

पुढच्या खेपेला मास्तरांनी फोन उचलला.

"ती गेली. पंधरा दिवस झाले. हृदयविकाराचा झटका, म्हणाले." मग म्हणाले, "विचारा तुमचे प्रश्न. पण माझ्या गोळ्या कुठल्या, हेसुद्धा तिलाच ठाऊक होतं."

सिस्टरांनी पुढचा नंबर फिरवला नाही. त्या दुपारी मोठे डॉक्टर खोलीत आले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"सर, अभ्यासात बायकांनाही घ्यायला हवं."

"त्यांच्या शरीरात फार चढउतार असतात. आकडे बिघडतील," एवढं बोलून डॉक्टर निघून गेले.

सिस्टरांनी पिच्छा सोडला नाही. तरी अकरा वर्षं गेली. मग एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि बायकांसाठी अभ्यास सुरू झाला. पण कुणी येईना! "मुलांना कोण बघणार?" "ह्यांना विचारून सांगते." हीच उत्तरं. शेवटी तपासणी रविवारी ठेवली, शेजारच्या खोलीत मुलांसाठी खेळणी मांडली. सिस्टरांनी पुन्हा नंबर फिरवायला घेतले. पहिला मास्तरांच्या घरचा. मुलीने उचलला.

"बाबा झोपलेत. उठवू का?"

"नको. मला तुमच्याशीच बोलायचं आहे." सिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं.

मग मुलगी म्हणाली, "आईने तिचा त्रास तुम्हाला सांगितला होता. मी तिथेच उभी होते."

"हो, सांगितला होता," सिस्टर म्हणाल्या. "मी ऐकला आणि सोडून दिला. चूक माझी."

मला वाटलं, आता फोन आपटला जाणार.

"रविवारी किती वाजता येऊ?" मुलीने विचारलं.

ती आली. पुढे तिच्या दोन मैत्रिणीही आल्या. खोली बायकांनी भरली. सिस्टरांनी निदान चूक कबूल केली. मी मात्र माझ्या खणखणीत आवाजाच्या तोऱ्यात राहिलो. निरोप पोहोचवला, की आपलं काम संपलं, असं मी मानलं. ते मनातून जात नाही.

मित्रांनो, तुमच्या आईला, मावशीला, आजीला धाप लागली, तर तिला डॉक्टरांकडे न्या. आणि संशोधनासाठी तिला कुणी बोलावलं, तर खुशाल जाऊ द्या. तेवढा वेळ भाजी तुम्ही चिरा.