सरुबाईची पांढरी भिंत

२०१८ साल. लासलगावजवळच्या आमच्या गावात घरकुलाची नवी यादी करायला गोटीराम ग्रामसेवक मोबाईल घेऊन दारोदार फिरला. अर्जदाराने घरापुढे उभं राहायचं, गोटीरामने फोटो काढायचा, एवढंच.

सरुबाई विधवा, कांदे निवडायच्या मजुरीवर जगणारी. मातीच्या दोन खोल्या, मागची भिंत टेकूवर उभी. आधीच्या यादीत तिचं नाव सात वर्षं पडून होतं. मग ती यादीच रद्द झाली. साहेब फोटो काढणार म्हटल्यावर तिने आमच्या पिढीतली कुठलीही बाई करील तेच केलं. अंगण सारवलं, पुढच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला, रांगोळी काढली, ठेवणीतलं लुगडं नेसली. परक्याला ओंगळ घर दाखवू नये, हे आम्हाला आईने शिकवलेलं.

सरपंचाचा चुलतभाऊ हिरामण दुमजली बंगल्यात राहायचा. तो मात्र कांदे साठवायच्या जुन्या चाळीपुढे उभा राहिला, मळकी बंडी घालून. बंडी त्याच्या गड्याची होती.

ग्रामसभेत यादी वाचली. हिरामण चौथा. सरुबाई अपात्र, घर पक्कं.

"भाऊसाहेब, मागची भिंत बघा की येऊन. टेकू काढला तर पडंल."

"मावशी, फोटोत मागची भिंत येत नाही," गोटीराम मान वर न करता म्हणाला.

मी उठले. "आणि हिरामणच्या घराला फटीफटीच्या भिंती कशा रे? त्यात माणसं राहतात की कांदे?"

लोक हसले. सरपंच म्हणाला, "बाई, तुमची शाळा कधीच सुटली. बसा आता."

त्याला बाराखडी मीच शिकवली होती. इतके कष्ट दुसऱ्या कुठल्या पोरावर वाया गेले नाहीत.

हरकतीसाठी हात दोनच वर झाले, तिचा आणि माझा. हसणाऱ्यांना सरपंचाकडून दाखले हवे होते.

गोटीराम बढतीवर तालुक्याला गेला. गावाने त्याला शाल पांघरली. हिरामणने घरकुल बांधून एका मुनिमाला भाड्याने दिलं. सरपंच पुन्हा निवडून आला, बिनविरोध. सरुबाईची भिंत २०२२च्या श्रावणात बसली, तेव्हापासून ती पंचवटीत लेकीकडे आहे, एका खोलीत सहा माणसं. मध्यंतरी नवं सर्वेक्षण झालं. तिला घेतलं नाही. गावात घरच उरलं नाही, तर फोटो कशाचा काढणार?