भिंतीवर उमटलेला हात

त्या दुपारी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मौनीबाबांनी मंतरलेलं पाणी भिंतीवर मारलं, भिंत भिजून गडद झाली आणि मधोमध लहान मुलीचा पांढरा हात उमटला. बाया रडायला लागल्या. बहिणीने भिंतीला गाल लावला आणि म्हणाली, "आली गं माझी बाय."

माझी भाची तापाने जाऊन तीन महिने झाले होते.

नाव मौनी, पण बाबांचं तोंड काही मिटत नव्हतं. पोरीचा जीव घुटमळतोय, तिला औषधाचा वास सोसत नाही, आईने सुई टोचणं थांबवलं तर आठवड्यात चेहराही दिसेल, असं बरंच काही. बहिणीला रोज इन्सुलिन लागतं. बाबांचं ऐकून दोन दिवस तिने घेतलं नव्हतं. डोळे खोल गेले होते, तोंडाला कोरड पडली होती. मेहुण्याने हात जोडले, मी रागावलो, पण ती ऐकेना.

मी रंगारी आहे. भिंत तळहाताने बघायची आमची सवय. हात फिरवला तर सगळी भिंत खरखरीत, त्या पंजावर तेवढी गुळगुळीत. नखाने खरवडलं तर नखात मेण आलं. आदल्या दिवशी बाबा याच खोलीत दार लावून तासभर ध्यानाला बसले होते.

मी पांढरी मेणबत्ती घेतली, शेजारच्या भिंतीवर स्वतःचा पंजा आखला आणि आत मेण घासून भरलं. काही दिसेना. मग साधं नळाचं पाणी मारलं. डिस्टेंपरचा रंग पाणी पितो आणि गडद होतो. मेणाखालची जागा कोरडी, पांढरी राहते. माझा पंजा लख्ख उमटला.

"आता सांगा बाबा, मी कधी मेलो?"

बाबा चपला शोधू लागले. गर्दीही पांगली.

भिंत वाळल्यावर मी त्या हातावर कोरा कागद धरला आणि कोमट इस्त्री फिरवली. मेण वितळून कागदात उतरू लागलं, तशी बहिणीने माझं मनगट धरलं.

"दादा, तेवढा तरी राहू दे. माझ्याकडे तिचं काहीच उरलं नाही रे."

मी इस्त्री बाजूला ठेवली. पोरीच्या तेलकट हातांचे खरे ठसे याच भिंतीवर होते. बहिणीला बघवणार नाहीत म्हणून, तिला न विचारता, मीच खोली रंगवून टाकली होती. बाबाला कोरी भिंत मी दिली होती. मला रडू आवरेना.

मग आठवलं. आमची जुनी कामचोरी अशी, की जड कपाट हलवायचं नाही, कडेपर्यंतच ब्रश मारायचा. मेहुण्याने आणि मी मिळून कपाट ओढलं. लपाछपीत पोर त्याच्याच मागे लपायची. तिथे जुन्या पिवळ्या रंगावर खडूने एक घर काढलेलं होतं, आणि दारात पायघोळ केसांची आई.

बहीण कितीतरी वेळ बघत राहिली. "हे मेणाचं नाही ना?"

"नाही. खडूचं आहे. पाणी मारलंस तर जाईल."

तिने पदराने डोळे आणि हात कोरडे केले आणि मेहुण्याकडे सुई मागितली. त्याने डॉक्टरांनाही फोन लावला.

गेलेलं माणूस भिंतीतून परत येत नाही. कुणी आणून दाखवलं, तर नमस्काराआधी भिंतीवर एकदा हात फिरवून बघा. आणि ज्याचं माणूस गेलंय, त्याच्या भिंती त्याला विचारल्याशिवाय रंगवू नका.